धर्माकाकांची अगोट

आमच्या शेजारचे धर्माकाका रोज दुपारी जेवून हात धुतात आणि जगबुडी बघायला बसतात. टीव्हीवर. कधी आकाशातून दगड कोसळतो, कधी रोगाने अख्खं शहर ओस पडतं. काका तंबाखू मळत निवांत असतात. पडद्यावर कुणी मेलं, की मात्र निकाल देतात, "मरनारच! अगोट भरली नाय त्यानी."

अगोट म्हणजे पावसाळ्याआधी करायची बेगमी. सुकट, बोंबील, कांदे, मसाला, सरपण. हल्ली जवळच्या कशेळ्याच्या बाजारातली दुकानं भर पावसातही उघडी असतात, तरी माझ्या सासूबाई थोडीफार भरतातच. काका मात्र ती थेट प्रलयासाठी भरतात.

साजगावच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलाने, विलासने, मोठा टीव्ही घेऊन दिला, परदेशी मालिका-सिनेमे लावायला शिकवलं आणि बायकोमुलींना घेऊन तो बंगळूरला गेला तो गेलाच. काकू आधीच वारल्या होत्या. त्यांची भाषा काकांना कळत नाही, पण त्यांचं काही अडत नाही. एकदा नायक बंदुका गोळा करत होता तर हे भडकले. "बंदूक शिजवून खानार हाय काय? आदी कांदं भर!" दुसऱ्याची काडेपेटी भिजली, तर मलाच ओरडले, "माचीस तांदळात खुपसून ठेवायची गं! येवढं पन कलत नाय?" जणू मीच ती भिजवली होती.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्या ओटीवर सुकट निवडत बसले होते. सूपभर निवडून डब्यात टाकली तरी गोणी अर्धी शिल्लक.

"काका, एकट्या माणसाला एवढी?"

"एकट्याला कुटं? पाच जनांची हाय."

पाच म्हणजे काका, विलास, सून आणि दोन नाती. काका सोडले तर तीन वर्षांत यातलं कुणी या घरात जेवलं नव्हतं. दर दिवाळीत काका उरलेली सुकट आळीत वाटतात आणि मे महिन्यात पुन्हा पाच जणांची भरतात. नातींसाठी कमी तिखटाच्या मसाल्याची बरणीही वेगळी असते.

तेवढ्यात विलासचा फोन आला. या सुट्टीतही जमणार नव्हतं. "बरं, बरं," म्हणून काकांनी फोन ठेवला आणि टीव्ही लावला. मला विलासचा मनापासून राग आला. काही तरी बोलायचं म्हणून मी थट्टा केली, "काका, जग बुडायची तुम्हाला एवढी कसली घाई हो?"

पडद्यावर रस्ते गाड्यांनी तुंबले होते. काकांनी तिकडे बोट केलं. तंबाखू तळहातावर तशीच होती.

"ती सगली कुटं चालल्यात, सांग बरं?"

"आपापल्या घरी."

"तेच. परतेक पिच्चरमधी बघतो मी. जग बुडाया लागलं का पोरं आदी घराकडं पलतात. नोकरी बिकरी काय आडवी येत नाय." त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आपला विलास पन निगंल."

काकांनी सुपात हात घालून सुकट चाळवली.

"नीट निवड गं. धाकटीचे दात पडल्यात म्हनं. खडा लागंल तिला."

मी निवडलेली सुकट पुन्हा सुपात ओतली आणि पहिल्यापासून निवडायला घेतली.