तात्यांचा थंडगार पाव्हणा

चौसाळ्याच्या टपरीवर मला चहासुद्धा बोंबलून मागावा लागतो. "साखर कमी!" असं मी ओरडतो, टपरीवाला कानाला हात लावून "काय?" म्हणतो, आणि शेवटी पाकच पदरात पडतो. कारण शेजारी माझाच ट्रॅक्टर धडधडत उभा असतो. इंजिन बंद करायचं नाही, असा भानुदासतात्यांचा हुकूम आहे. इंजिन बंद झालं की बॅटरी उतरते, बॅटरी उतरली की फ्रिज बंद होतो, आणि फ्रिज बंद झाला की तात्यांचा जीव खालीवर होतो.

हो, फ्रिजच म्हणालो मी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला, चालू फ्रिज.

तात्या आमच्या ऊसतोड टोळीचे मुकादम. ट्रॅक्टर त्यांचा, ड्रायव्हर मी. दसरा झाला की नारायणगडाजवळचं आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि त्यात सगळा संसार कोंबायचा. राहायच्या कोप्यांचे बांबू, ताडपत्र्या, पातेली, शेळ्या, कोंबड्या, लेकरंबाळं. सगळ्याच टोळ्या अशा निघतात. आमच्या पुढच्या ट्रॉलीत मात्र वाकळांच्या गादीवर, चारी बाजूंनी कासऱ्यानं आवळलेला एक लाल फ्रिज उभा असतो. माणसं अंग चोरून बसतात आणि फ्रिज ऐसपैस.

तात्या त्याला पाव्हणा म्हणतात. खड्डा आला की मागून आरोळी येते, "दत्त्या, हळू बे! पाव्हण्याला धक्का लागू देऊ नको!" मागं त्यांची सख्खी चुलती बसलेली असते. तिच्या कमरेचं काय झालं, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही.

रस्त्यानं लोक टकामका बघतात. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं गाडी बरोबरीनं घेतली आणि विचारलं, "मामा, कुणाचं लगीन हाय?"

"लगीन होऊन जमाना झाला," तात्या म्हणाले. "आंदण आत्ता आलंय."

हा पाव्हणा आला कौसाकाकूंमुळे. काकू म्हणजे तात्यांची बायको. दोघांचा कोयता एकच, तात्या तोडणार आणि काकू मोळ्या बांधणार, अशी हयात गेली. मग काकूंना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचं इंजेक्शन लावून दिलं. औषध थंड ठेवा म्हणाले. पहिल्या साली तात्यांनी ते ओल्या फडक्यात, मडक्यात ठेवलं. तरी ते कसं कोण जाणे खराब झालं आणि काकू उसाच्या फडातच चक्कर येऊन पडल्या. त्या शुद्धीवर येईपर्यंत तात्यांनी पाचटात बसून लेकरासारखा हंबरडा फोडला होता. दुसऱ्याच आठवड्यात फ्रिज हजर.

"सारी हयात साखर कारखान्याला दिली," तात्या सांगायचे, "तरी थोडी हिच्या अंगात ऱ्हायलीच बघा." काकू तोंडाला पदर लावून हसायच्या.

कारखान्याजवळ कोप्या पडतात त्या अड्ड्यावर लाईट असते. प्रश्न वाटेचा. तात्यांनी घरातला इन्व्हर्टर उचलून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला. आणि पहिल्याच खेपेला घोळ झाला. चहाला थांबलो, इंजिन बंद केलं, पाव्हणा सगळी बॅटरी पिऊन बसला. चावी फिरवली तर नुसतं 'कट्'. भर उन्हात ट्रॉल्या सोडल्या आणि अख्ख्या टोळीनं ट्रॅक्टर ढकलला. बाया माझ्या खानदानाचा उद्धार करत होत्या, जसा काय फ्रिज माझ्या बापाचा! आणि तात्या कुठं? तात्या सुटलेल्या ट्रॉलीत फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसलेले.

"तुमी का बसून ऱ्हायलात? हात लावा की!" मी ओरडलो.

"मी दार धरलंय बे. थंडी पळंल."

थंडी पळंल, हा त्यांचा मंत्रच. निघायच्या आदल्या दिवसापासून फ्रिज घरच्या लाईटवर गार करून ठेवायचा. "फ्रिज आधी गार, मग औषध." रिकामा फ्रिज थंडी धरत नाही, म्हणून तो पाण्याच्या बाटल्यांनी गच्च भरायचा. आणि आता ऐका, त्या बाटल्यांतलं पाणी कुणी प्यायचं नाही! आमच्याकडं दसऱ्यानंतरही ऊन नुसतं भाजतं. ट्रॉलीत माणसं तहानेनं व्याकूळ, हाताच्या अंतरावर गारेगार पाणी, आणि तात्या म्हणणार, "त्याला हात लावू नका. ते थंडी धरून बसलंय." आम्ही कॅनमधलं कोमट पाणी पितो आणि फ्रिजकडं बघतो.

लई वैताग आहे. सोडून दुसऱ्या मुकादमाकडं जावं, असं दर साली म्हणतो. जात काही नाही.

गेल्या हंगामात काकूंच्या पायाला उसाचं खोडकं लागलं. शुगरच्या माणसाची जखम ती, भरायला महिने गेले. पावसाळाभर काकू बीडला लेकीकडं होत्या. तेव्हा मला वाटलं, चला, यंदा काकू नाहीत, पाव्हणाही नाही, चहा शांततेत मिळणार. कसलं काय! निघायच्या सकाळी बघतो तर फ्रिज वाकळांवर चढलेला, बाटल्यांनी भरलेला.

"तात्या, आता ह्यात काय ठेवायचंय?"

"दिवाळी झाली की जावई तिला आणून सोडनार हाय. ती आल्यावर गार करत बसू का?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू होत्या. मी गोठ्यामागं गेलो.

"दत्ता, फ्रिज घेतलाय का रे त्यांनी?"

"घेतलाय की."

काकू म्हणाल्या, "डॉक्टरनं फड कायमचा बंद केलाय मला. परत जखम झाली तर पाय काढावा लागंल म्हनला. मी आता येत न्हाई, बाबा. चार डाव फोन लावला त्यांना, पन तोंडातून निघंना. तू सांग."

म्हणजे नवरा-बायकोनं संसार करायचा आणि असलं निरोपाचं काम ड्रायव्हरनं करायचं! चौसाळ्यापर्यंत मी तो निरोप पोटातच ठेवला. मागून "पाव्हण्याला धक्का लागू देऊ नको" चालूच होतं, आणि मी जन्मात चालवला नसेल इतका जपून ट्रॅक्टर चालवला.

टपरीवर नेहमीसारखं इंजिन चालू ठेवून उतरलो. तात्या चहाची बशी घेऊन माझ्या शेजारी टेकले. ही असली गोष्ट ओरडून सांगायची? पण दुसरा इलाज नव्हता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगून टाकलं. काकू आता येणार नाहीत. दिवाळीनंतर नाही आणि कधीच नाही.

"काय?" तात्या म्हणाले.

मी परत सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, हे मला कळत होतं.

त्यांनी बशी खाली ठेवली. गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "बंद कर बे ते इंजिन. डोकं उठलं."

मी बंद केलं. तात्या ट्रॉलीत चढले. फ्रिजच्या दाराचा पट्टा सोडला, दार सताड उघडलं आणि बाटल्या काढून एकेकाच्या हातात द्यायला लागले. "घ्या. प्या. ऊन लई हाय." त्यांच्या चुलतीनं बाटली गालाला लावली आणि तशीच धरून ठेवली. बाकीचे बाटल्या घेऊन नुसते उभे. झाकण कुणी उघडेना.

"प्या की बे!" तात्या ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला.

मग आम्ही प्यायलो. पाणी इतकं गार होतं की माझे दात ठणकले. सगळं कसं चिडीचूप. इतक्या सालांत मला पहिल्यांदा त्या टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला. हीच शांतता मी मागत होतो ना? मला ती सोसेना.

तात्यांनी शेवटची बाटली हातात घेतली. देणार तेवढ्यात थांबले. ती परत आत ठेवली आणि दार लावून पट्टा आवळला.

"एक ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "डॉक्टर काय, बोलतेत अन् बदलतेत."

माझा चहा अजून अर्धा होता. तो तसाच ठेवला आणि जाऊन इंजिन चालू केलं.