भोईर सरांचं यमक

भोईर सरांना विंचू चावला तेव्हा मीच त्यांना मोटारसायकलवरून टोकावड्याच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी विचारलं, "कसं दुखतंय?" सर विव्हळत म्हणाले, "पायात जणू निखारा ठेवलाय." आणि लगेच डोळे उघडून, "पकडली! उत्प्रेक्षा!" नर्सबाई घाबरून डॉक्टरांना बोलवायला धावल्या. विष डोक्यात गेलं असंच त्यांना वाटलं.

सर आमच्या शाळेत मराठी शिकवतात, मी गणित. घरंही शेजारी, त्यामुळे माझी सुटका नाही. लोक बोलतात आणि सर त्यात अलंकार पकडतात. एकदा एसटी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "आज रुसलीय बया." सर मागच्या सीटवरून ओरडले, "पकडली! चेतनगुणोक्ती!" निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती, हे त्यांनी खाली उतरलेल्या प्रवाशांना गाडी ढकलता ढकलता समजावलं. ढाब्यावर "चहा म्हणजे अमृत" म्हणायचीही सोय नाही, रूपक होतं. माझी बायको तर त्यांच्यासमोर 'हो' आणि 'नको' यांपलीकडे जात नाही.

एका शब्दावर मात्र सरांचा भारी राग. "'नाय' नाही, 'नाही'!" असं ते वर्गात रोज बजावतात.

"सर, परत नाय बोलणार," पोरं मनापासून कबूल करतात.

या 'नाय'नेच सरांचा घात केला होता. त्यांच्या लग्नात नवरीने, म्हणजे सुगंधाकाकींनी, उखाणा घेतला, "गोठ्यात बांधली कपिला गाय, बाळारामरावांवाचून करमत नाय." नवरदेव नुकते बी.ए. झालेले. भर मांडवात म्हणाले, "नाय नव्हे, नाही!" बिचाऱ्या काकींनी सुधारून पुन्हा म्हटलं. यमक मोडलं, सगळे हसले. त्या दिवसापासून काकींनी उखाणा घेतलाच नाही. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेतात ते फक्त उखाण्यात. म्हणजे उखाण्याबरोबर नावही गेलं.

हे मला सरांनीच सांगितलं, शाळेतून परतताना. "आईबाप गेले. आता मी सगळ्यांचा सर. बाळाराम म्हणणारं कोणी उरलं नाय रे." 'नाय' म्हणाले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

गेल्या वैशाखात सरांच्या मुलाचं लग्न झालं. सून शहापूरची, चुणचुणीत. दारातल्या मांडवात तिने झोकात उखाणा घेतला आणि सासूचा हात धरला. "आई, आता तुमी!"

काकी मागे सरल्या. "मला नाय येत गो."

बायका आग्रह करत होत्या, काकी मान हलवत होत्या. मांडवाच्या खांबाशी उभे असलेले सर एकदम पुढे आले. वर्गात शिरताना खाकरतात तसे खाकरले.

"तव्यावर भाकर, दुधावर साय,
सुगंधासारखी दुसरी नाय!"

"सर, 'नाही' म्हना!" मागून त्यांचा एक जुना विद्यार्थी ओरडला.

"नाय म्हंजे नाय!" सर गरजले. "खाली बस!"

काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दारात मांडव, सावली दाट,
बाळारामरावांनी माझी लावली वाट!"

बायकांनी हसून मांडव डोक्यावर घेतला. सून तर हसता हसता खालीच बसली. सर मात्र होते तिथेच उभे, डोळे भरलेले. मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, "सर, 'लावली वाट'. हा श्लेष का हो?"

"काय म्हणाली रे ती?" सर म्हणाले. "मी नाव तेवढं ऐकलं."