चौदा पिशव्या आणि एक म्हातारी

देश जितका मोठा, तितक्या त्यात बघायच्या जागा जास्त. आणि जागा जितक्या जास्त, तितक्या पिशव्या जास्त. पिशव्या आल्या की त्यांच्यापाशी कुणीतरी बसावं लागतं. ही व्यवस्था राजेलोकांपासून चालत आलेली आहे आणि तिच्यात खोट काढायला जागा नाही.

थोरल्या बाईंच्या घरात हे पद त्यांच्याकडे एकमताने आलं. (मत घेतलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या.) मुलगा, सून, लेक, जावई, दोन नाती, नऊ दिवसांत सात शहरं, अकरा राजवाडे आणि एक काचेचा मनोरा. मनोऱ्यावरून म्हणे सगळं एकदम दिसतं. म्हणजे बाकीची पायपीट हौसेची. सहल नेणाऱ्या झेंडेवाल्याने प्रत्येक ठिकाणाला पंचवीस मिनिटं ठरवली होती. अठरा फोटोंना, पाच शौचालयाच्या रांगेला, उरलेल्या दोनांत इतिहास.

बाईंनी आठ दिवसांत देशातले सगळे वाहनतळ पाहिले. जुन्या राजधानीत बाक दगडी. नव्या शहरात बाकच नाहीत, कारण तिथे कुणी म्हातारं होत नाही. एकच गोष्ट मनात सलत होती. तिसरीच्या पुस्तकात (चौथीचं पुस्तक त्यांच्या हाती आलंच नाही) एका सिंहासनाचं चित्र होतं. पान वरून फाटलेलं. पायऱ्या तेवढ्या दिसायच्या. वर काय आहे, हे साठ वर्षं कळलं नव्हतं. ते सिंहासन नवव्या दिवशी होतं.

"आई, एवढ्या पायऱ्या तुम्हाला झेपायच्या नाहीत," म्हणून सुनेने चौदावी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. सासूचे गुडघे कधी दुखणार, हे सुनेला सासूच्या आधी कळतं.

शेजारी दुसऱ्या सहलीची एक म्हातारी बसली होती. हिरवी शाल, नऊ पिशव्या, भाषा निराळी. बाईंनी पिशव्यांकडे बोट केलं, मग दाराकडे, मग स्वतःकडे. म्हातारीने मान हलवली आणि सरकून दोन्ही ढिगांच्या मधोमध बसली. दोन सरकारांना इतका करार करायला तीन वर्षं आणि सात जेवणावळी लागतात.

बाई वर चढल्या. वर सिंहासन होतं, आणि त्याला लागून एक बुटकी चौकी. कुणाची, ते तिथला राखणदार लोकांना सांगत होता: राजाच्या आईची. दरबार भरला की राजाची तलवार नि शेला मांडीवर घेऊन ती तिथे बसायची. बाई त्या चौकीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

खाली झेंडेवाल्याने मोजणी केली. माणसं हलतात, म्हणून तो पिशव्या मोजतो. पिशव्या चौदा, त्यांच्यापाशी म्हातारी एक. हिशेब चोख. लेक आणि जावयाने म्हातारीला दोन्ही दंडांना धरून बसमध्ये चढवलं. ती काहीतरी बोलत होती, पण सहलीत म्हाताऱ्या बोलतातच. बाई उतरून आल्या तेव्हा बाकावर नऊ पिशव्या होत्या. त्या तिथे बसल्या. दुसऱ्या झेंडेवाल्याने मोजलं: नऊ, आणि म्हातारी एक. तोही खूश.

"आईने शाल कधी बदलली?" बसमध्ये मुलाने विचारलं.

"गार वाटत असेल," सून म्हणाली.

चहाच्या थांब्यावर सुनेने पेला पुढे केला. म्हातारी तो सगळा प्यायली आणि हसली. सुनेचा चेहरा उतरला.

"ह्या आई नव्हेत."

तेवढ्यात मागून दुसऱ्या सहलीची बस आली. बाई उतरल्या, सुनेच्या हातातला दुसरा पेला घेतला, एक घोट घेतला.

"पाणचट आहे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगा म्हणाला, "आई, होतीस कुठे?"

"राजाच्या आईकडे. तिची जागा बघून आले. आपल्यासारखीच आहे."

मग बाईंनी म्हातारीचा हात हातात घेतला, आणि पिशव्या पहिल्यांदाच ज्याच्या त्याने उचलल्या.

वाचणारे हसत असतील, हसावं. फक्त जाता जाता एवढं सांगा: मागच्या सहलीत तुमचं सामान जिने सांभाळलं, तिच्या शालीचा रंग कोणता होता? (पिशव्यांचा विचारलेला नाही. तो तुम्हाला पाठ आहे.)