केवळाबाईंनी मसणवटीलगत मळा वसविला त्याची हकीकत

॥ श्री क्षेत्रपाळ समर्थ ॥ मातीस आणि मेघास वंदन करोन, आमचे गावचे राज्यात जे घडले ते काही डोळां देखिले आणि काही जाणत्यांचे मुखे ऐकिले, तैसे येथे लिहिले आहे. पदरचे घातले नाही, कोणाचे भीडेने गाळिले नाही. शके १९४०, विलंबी नाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी राज्याची गादी बायकांकडे द्यावी ऐसा वरून हुकूम आला, आणि सरपंचपदी केवळाबाई सुरवसे बसल्या. बाईंस स्वतःचे रान वीतभरही नव्हते. दुसऱ्याचे रानी खुरपावे, काढणीस जावे आणि संसार करावा, ऐसा जन्म गेला होता. लोक म्हणो लागले की ही बाई अंगठा उठवील आणि घरी बसेल. परंतु बाई जात्या खंबीर, आणि मनी एक गोष्ट पुष्कळ वर्षे धरोन होत्या. राज्यात ज्यांस शेत त्यांचे घरी रोज भाजी, आणि ज्यांस शेत नाही त्यांनी बाजाराचे दिवशी सुकली मेथी आणावी आणि उरले दिवस चटणी-भाकरीवर काढावे, हे बाईंस सोसत नव्हते. मग त्यांनी बिनजमिनीच्या बायका एकत्र बोलाविल्या आणि मसलत केली की आपणां सर्वांचा मिळोन एक मळा असावा, सर्वांनी कसावा आणि सर्वांनी खावा. जागा पाहू गेले तो गायरान दूर आणि तेथे पाण्याचा थेंब नाही. पाणी होते ते एकेच ठायी, ओढ्याचे काठी, मसणवटीस लागोन गावाची पडीक होती तेथे. जुनी विहीर, सभोवती वेडी बाभूळ माजलेली, आणि दिवसाही एकटे माणूस तिकडे फिरकत नसे.

मग ग्रामसभेचा दरबार भरला आणि बाईंनी ती जागा मागितली. शेषेराव पाटील म्हणोन राज्यात थोर मानकरी होते, मोठ्या बागाइताचे धनी, वयाने ऐंशीचे घरात, आणि सर्व लहानथोर त्यांस आण्णा म्हणत. माणूस दुष्ट नव्हे, अडल्यानडल्यास धान्य देणारे. परंतु शब्दाचे करडे. ते काठी टेकोन उभे राहिले आणि बोलिले, "केवळा, जागा घे. मी आडवा येणार नाही. पण ज्या मातीत माझा बाप जळाला तिथलं वांगं मी तोंडात घालणार नाही. सगळ्यांदेखत सांगतो." बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आण्णा, तुमच्या वडलांच्या जागेला आमच्या पायाचा धक्का लागायचा नाही. खायचं का नाही, ते ज्याचं त्यानं बघावं." आणि ठराव जाहला. परंतु आण्णांचा शब्द घरोघर गेला, आणि ठरावाहून शब्द भारी ठरला.

मग मोहीम सुरू जाहली. बायकांनी कुऱ्हाडी, विळे आणि टिकाव घेतले आणि बाभळीवर चालोन गेल्या. हात रक्तबंबाळ जाहले, लुगडी फाटली, एकीचे पायांत काटा मोडला तो सुईने काढोन ती पुन्हा उभी राहिली. झुडपांत फुटक्या मडक्यांची खापरे जागोजाग सापडत, प्रेताभोवती पाणी फिरवोन मडके फोडितात ती. बायका भ्याल्या. तेव्हा केवळाबाईंनी ती खापरे आपल्या हाते वेचिली आणि म्हणाल्या की ही आपल्याच माणसांची, यांस भ्यावे काय. मग हद्दीवर चर खणोन त्यात ती पुरिली, वर अडुळशाचे कुंपण लाविले, दहनाचे ठिकाण झाडोन स्वच्छ केले आणि वाट मोकळी केली. विहिरीचा गाळ काढिला, वाफे पाडिले, ज्येष्ठ सरता बी टाकिले. कायदा ऐसा केला की एकेकीस एकेक वाफा, पाण्यास पाळी सर्वांस सारखी, सरपंच म्हणोन अधिक पाणी नाही. आणि मधला वाफा कोणा एकीचा नाही, जिचे घरी आजारपण वा बाळंतपण तिणे त्यातले न्यावे. पुढे मेथी तरारली, वांगी लगडली, गवार आली, कुंपणावर वालाचा वेल चढोन फुलला. मळा ऐसा शोभिवंत दिसो लागला की वाटेने जाणारा थबकोन पाही आणि मग मान फिरवोन चालू लागे. कारण भाजी कोणी घेईना. बाजारात पाट्या मांडिल्या तो लोक हळूच विचारीत, मसणातली काय, आणि पुढे जात. पाट्या भरल्या तैशा परत आल्या. घरीही तोच प्रकार. गोजरबाई म्हणोन एक होती, मोठी कष्टाळू; तिणे पहिली वांगी कौतुके रांधिली, तो तिचे धन्याने ताट सरकविले आणि न जेवता उठला. दुसरे दिवशी ती मळ्यात येवोन रडो लागली. केवळाबाई तिचे शेजारी बसोन तिचाच वाफा खुरपू लागल्या. तरी पुढे दोघी-तिघी बायका मोहीम सोडोन गेल्या, आणि उरल्यांचाही धीर खचत चालला.

ऐसे होता मार्गशीर्ष आला. आमचे प्रांती मार्गशीर्षाचे अमावास्येस वेळअमावास्या म्हणतात. ते दिवशी सारे राज्य ओस पडते आणि रान माणसांनी भरते. ज्याने त्याने आपले शेती कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारावी, भूमीची पूजा करावी, ज्वारीचे पिठाची ताकातली आंबील आणि नाना भाज्या-शेंगांची भज्जी करावी, आणि ज्यांस रान नाही त्यांस आग्रहाने बोलवावे. बोलावणे मायेचे असे आणि जेवण पोटभर. तरी जन्मभर दुसऱ्याचेच कोपीत बसावे आणि आपण कोणास ये म्हणू नये, हे बिनजमिनीच्या बायकांचे काळजात सलत असे. केवळाबाई म्हणाल्या, "यंदा आपण बोलवायचं." बायका म्हणाल्या की आधी मसणवट, त्यात अमावास्या, कोण येईल. तेव्हा बाई बोलिल्या, "कोणी नाही आलं तर आपण जेवू. पण यजमान होऊन जेवू." मग त्या हळदीकुंकवाची वाटी घेवोन घरोघर गेल्या. लोकांनी कुंकू लावोन घेतले आणि होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

सणाचे दिवशी मळ्यात कोप उभी राहिली, पूजा जाहली, आंबील शिंपडीत वाफ्यांस फेरा घातला, आणि बायका वाटेकडे डोळे लावोन बसल्या. बैलगाड्या गेल्या, मोटारसायकली गेल्या, साऱ्या आण्णांचे रानाकडे. कोणी वळले नाही. उन्हे माथ्यावर आली. गोजरबाई पातेली झाको लागली. तोच ओढ्याचे अंगाने आण्णा एकटे काठी टेकीत येताना दिसले, हाती फडक्याखाली नैवेद्य. दर वेळअमावास्येस बापाचे नावे पान ठेविल्याविना ते घास घेत नसत. परंतु बाभळीने वाट बुजली तेव्हापासोन दुरोनच पान ठेवोन परतत. यंदा वाट उघडी होती. ते थेट आंत गेले आणि बापास जेथे अग्नी दिला होता तेथे उभे राहिले. जमीन झाडलेली, अडुळसा हिरवागार, वालाची जांभळी फुले. मग पान ठेविले, नमस्कार केला आणि मागे वळले, तो केवळाबाई हात जोडोन समोर. बाई म्हणाल्या, "आण्णा, सणाच्या दिवशी रानात आलेलं माणूस उपाशी जाऊ नये. आंबील तरी घ्या. जवारी तुमच्याच रानातली हाय, सुगीला मजुरीत तुम्हीच दिलेली." आण्णा कोपीत बसले आणि आंबील प्याले. बाईंनी भज्जीचे नाव काढिले नाही; चार लोकांत दिलेला शब्द कोणास मोडावयास लावावा हे बाईंस उचित वाटले नाही. तेव्हा आण्णांनीच पुसले की भज्जीत काय घातले आहे. गोजरबाईने वाल, मेथी, हरभरा ऐसे सांगितले आणि थांबली. "आन् वांगं?" आण्णांनी विचारिले. ती म्हणाली, "हाय, आण्णा." म्हाताऱ्यांनी काठी बाजूस ठेविली. मग पान पुढे ओढोन म्हणाले, "वाढ." जेविले, आणि पान पुसोन खाल्ले. केवळाबाई हलकेच म्हणाल्या, "आण्णा, सभेत बोलला होता—" आण्णा बोलिले, "बोललो होतो. बापापायी बोललो. पण इतकी वर्षं त्याच्यापाशी मला जाता येत नव्हतं. आज तुमच्यामुळं गेलो. वाढ अजून."

मग आण्णांनी भज्जीचे एक पातेले मागोन घेतले आणि गोजरबाईचे डोईवर देवोन आपले रानी आले. तेथे मोठी पंगत बसली होती. आण्णांनी पळी स्वतःचे हाती घेतली, जी त्यांनी उभ्या जन्मात धरिली नव्हती, आणि म्हणाले, "ही केवळाच्या मळ्यातली. मी खाऊन आलोय. नको असंल त्यानं पानावर हात आडवा धरावा." कोणी हात धरिला नाही. त्या पंगतीत गोजरबाईचा धनी बसला होता. त्याने बायकोस पाहिले, मान खाली घातली आणि खाल्ले. मग पान पुढे सरकवोन तिजकडे पाहो लागला. तिणे आण्णांचे हातची पळी घेतली आणि आपल्या हाते त्यास वाढिले. ते दिवशी उन्हे कलता राज्यातले लोक मळ्याकडे लोटले, आणि आंबील पुरेना ऐसी गत जाहली.

पुढे सोडोन गेलेल्या बायका परत आल्या, त्यांस टोमणा न मारता वाफे दिले. बाजारात भाजी दुपारपूर्वी खपो लागली. केवळाबाईंची मुदत सरली, गादीवर दुसरे आले, तरी मळा पाळीपाळीने चालतो आणि पाण्यावरोन तंटा होत नाही. सारांश हाच की या राज्यात लढाई जाहली ती बाभळीशी आणि भयाशी, आणि ज्यांचे नावे सातबारा नाही त्या बायकांनी ती जिंकिली. अद्यापि वेळअमावास्येचे आदले दिवशी केवळाबाई हळदीकुंकवाची वाटी घेवोन निघतात, थोरांचेही उंबऱ्यास उभ्या राहतात, आणि ताठ मानेने म्हणतात, "उद्या आमच्या रानात या."