भगवंतरावांची साठ हजार वर्षांची थुंकी

भगवंतरावांना त्या दिवशी एकच काम होतं. थुंकायचं. चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या माणसाला हे काम काही कोणी शिकवावं लागत नाही. तरी बिघडलं ते बिघडलंच.

सुरुवात झाली पाटीवरून. अमरावतीत नवं घर बांधून झालं, आता दारावर नाव काय टाकायचं?

बायको, अकोल्याची जाईबाई, म्हणाली, "माह्या मायचं नाव टाका. मैना. पोटच्या पोरासारखं जेवू घातलं तिनं तुमाले."

भगवंतराव फणकारले. "घर माहं अन् नाव अकोल्याचं? आमचे पूर्वज घोड्यावर बसून आले वऱ्हाडात! तुमचे कायच्यात आले, बैलबंडीत?"

(तो घोडा कोणी पाहिला नव्हता. स्वतः भगवंतराव लग्नात एकदाच घोड्यावर चढले, ते दुसऱ्या बाजूने खाली आले.)

लेकीची लेक प्रणाली अकोल्याला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आबा, भांडता काहून? प्रोजेक्टसाठी मी लोकाइची लाळ गोळा करून राहिली. आईच्या आईच्या आईचं घराणं कुठून कुठून चालत आलं, ते त्यातून कळते. तुमची द्या. नत्थुआबाची मी घेतलीच हाय."

नत्थुजी म्हणजे जाईबाईचा सख्खा भाऊ. त्याचं नाव ऐकताच भगवंतरावांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं! ज्याचं घराणं जुनं, त्याचं नाव पाटीवर!"

प्रणालीने दिलेल्या पाकिटात लाळेसाठी दोन नळ्या होत्या, एक खराब झाली तर दुसरी. अट एकच, अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. भगवंतरावांनी खर्र्याची पन्नी खिशात ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं काढली बिचाऱ्यांनी. आठव्या मिनिटाला हात आपोआप खिशात गेला. (अट तोंडाला होती, हाताला कुठे होती?) नळी भरली ती कडक चहाच्या रंगाची.

"हे काय वो?" जाईबाईने विचारलं.

"जुनं घराणं हाय. रंग उतरनच."

"द्या इकडं. पाकीट मी बंद करतो," म्हणत जाईबाईने नळी हातातून घेतली.

रिपोर्ट आला तो नेमका वास्तूच्या दिवशी. मांडवात पाहुणे भरलेले, जाईबाई आत पुरणात गुंतलेली. प्रणालीने कागद उघडला.

"आबा, शास्त्रज्ञ म्हणतात, तुमच्या ओळीतल्या बाया साठएक हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघाल्या. समुद्राच्या काठाकाठानं, शिंपले खात खात."

"घोड्यावर?"

"पायी. तवा माणसानं घोडा पाळलाच नव्हता."

भगवंतरावांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. त्यांनी भटजींच्या पुढ्यातला माईक उचलला. "ऐका हो मंडळी! साठ हजार वर्षं पायी चालणारं घराणं हाय हे! मधात कोठी बसलं नाई!" (स्वतः भगवंतराव कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत स्कूटरवर जातात.) "आता नत्थुजीचं सांग, बाई. ते परवाच्या एसटीनं आले असतीन."

प्रणालीने दुसरा कागद पाहिला. मग पुन्हा पहिला पाहिला.

"आबा, दोन्ही एकच हायेत. अक्षराले अक्षर. म्हणजे तुमची अन् नत्थुआबाची आईकडची ओळ एक."

"म्हणजे मावसभाऊ!" मागून कोणीतरी ओरडलं.

नत्थुजी मावसभाऊ, तर जाईबाई मावसबहीण. आणि मावसबहीण म्हणजे आपल्याकडे बहीणच की. तिच्याकडून राखी बांधून घ्यायची, तिच्या गळ्यात माळ नाही घालायची! भगवंतराव नत्थुजीकडे वळले. माईक हातात चालूच होता. "बेचाळीस वर्षं संसार केला, नत्थुजी. आता लोकाइले काय सांगू?"

नत्थुजी शांतपणे म्हणाला, "बेचाळीस रक्षाबंधनं राहिली म्हणाचं, भाऊजी."

आवाज आतपर्यंत गेला. जाईबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "बसा खाली. बहीण नाई मी तुमची. ते थुंकी माही हाय."

"तुही?"

"तुमची नळी मोरीत ओतली मी. नातीच्या कॉलेजात चहाच्या रंगाची थुंकी धाडू? म्हनतीन, आबाले कोन्ती बिमारी झाली! दुसरी नळी मी भरली."

"वाचलो!" भगवंतरावांनी दोन्ही हात वर करून आभाळाला नमस्कार केला. हात खाली येईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं, की साठ हजार वर्षं चालणारं घराणं अकोल्याचं आहे, आणि ते माईकवरून आपणच गावाला सांगितलं आहे.

"पोरं तरी माह्या ओळीतली ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"ही ओळ मायकडूनच येते, आबा," प्रणाली म्हणाली. "मामा, आई, मी, सगळे आजीचेच."

"मंग पाटीवर माह्यासाठी एक तरी ओळ लिहा!"

जाईबाईला दया आली. पेंटरला तिने स्वतः सांगितलं. आठ दिवसांनी पाटी लागली. वर मोठ्या अक्षरात 'मैना', आणि खाली, खास भगवंतरावांसाठी, एक ओळ: 'येथे थुंकू नये.'