एक लाख बारा हजारांचा डबा

रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, शेगडी धरून, सतरा वस्तू होत्या. त्यातल्या सोळा आमच्या होत्या. सतरावी मार्तंड सबनीस यांची.

मार्तंड सबनीस म्हणजे एके काळचे नायक! ते आता नाहीत. त्यांचा जेवणाचा डबा मात्र आहे आणि तो आमच्याकडे आहे. साधा गोल, स्टीलचा, कडीचा डबा. माझ्या बाबांनी, म्हणजे विद्याधररावांनी, तो लिलावात एक लाख बारा हजारांना घेतला. निवृत्तीच्या पैशांतून आईचा ओटा नवा करायचा ठरलं होतं, त्याच पैशांतून.

आमचा जुना ओटा मधोमध तडकलेला आहे. त्या तड्यात जिऱ्याचा दाणा पडला तर तो पुन्हा सापडत नाही. डबा घरी आला त्या दिवशी आईने बाबांना त्या तड्यापाशी नेऊन उभं केलं.

"हे बघा. आणि तो बघा."

"पद्मजा, ओट्याची किंमत वाढते का? डब्याची वाढते! आज एक बारा, उद्या दोन लाख!"

"ओट्यावर पोळ्या होतात."

"पोळ्या शेवटी डब्यातच जातात ना?"

यावर तीन दिवस युद्ध चाललं. मग तह झाला. गोरेगावचे नंदकिशोर नावाचे एक संग्राहक रविवारी पाच वाजता डबा बघायला येणार होते. सिनेमातल्या लोकांच्या वस्तू ते जमवतात. त्यांनी दीड लाख दिले तर एक बारा ओट्याचे आणि वरचे बाबांचे. नाही दिले, तर डबा दिवाणखान्यात पारदर्शक पेटीत आणि आई तडकलेल्या ओट्यावर, दोघंही कायमचे.

लिलाववाल्यांनी डब्यासोबत प्रमाणपत्र दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'तळाशी मूळ हळदीचा डाग.' तो डाग होता खरा, रुपयाच्या नाण्याएवढा. पण हळदीचाच कशावरून? मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका रंग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि सही-शिक्क्यावर विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही. नंदकिशोरांनी शंका काढली तर बाबांकडे उत्तर हवं. ते उत्तर मी दोन मिनिटांत काढून देणार होते!

बाबा केसांना कलप लावायला सलूनमध्ये गेले होते. मी डबा पेटीतून काढला, ओट्यावर आणला आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी डागावर सोडलं. डाग लालभडक झाला. हळद! शंभर टक्के हळद! आनंदाच्या भरात मी डबा हलवला. लाल पाणी गोल फिरलं आणि त्याच्याबरोबर डागही फिरायला निघून गेला. तळ आरशासारखा लख्ख झाला. डाग हळदीचाच होता हे सिद्ध झालं, आणि आता तो नव्हता.

मी डबा नीट विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि विचार करायला बाल्कनीत गेले. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. एका पिवळ्या रंगाचा नमुना हरवला होता. मी त्यांना वस्तू जागच्या जागी ठेवण्याचं महत्त्व तासभर समजावून सांगितलं.

परत आले तर ओट्यावर सोळा वस्तू.

"आई! इथे डबा होता!"

"कुठला?"

"पालथा घातलेला!"

"तो होय! खालच्या नंदाकडे गेला. तिचा सम्यक पास झाला ना, म्हणून नारळाच्या वड्या दिल्या. तिचे यजमान, धोंडिराम भाऊजी, पाण्याच्या मोटरची किल्ली द्यायला आले होते, त्यांच्याच हातात दिला."

"आई, तो मार्तंड सबनीसांचा होता."

आईच्या हातातली पकड खाली पडली.

"तो पेटीत असतो!"

"मी काढला होता."

"कशाला?"

"हळद आहे का बघायला."

"मग?"

"होती."

"मला विचारायचंस! साबण लागला की हळद लाल होते हे मी तुला पाळण्यात सांगितलं असतं!" आईने कपाळावर हात मारला. "आणि ओट्यावर पालथा दिसला तर मी काय समजणार? ओट्यावर पालथं घातलेलं भांडं घरचंच असतं! वाट लागली गं माझ्या ओट्याची!"

पेटीवर भरतकामाचा रुमाल टाकून आम्ही दोघी धावत खालच्या मजल्यावर नंदामावशींकडे गेलो. दार उघडंच होतं.

"या, या! वड्या झकास झाल्यात हो, पद्मजाताई. आमच्या सम्यकनं सहा खाल्ल्या."

"नंदा, डबा कुठंय?"

"डबा? अहो, रिकामा कसा देणार? बटाट्याची भाजी घातली. तुमच्याकडेच निघाले होते, तर जिन्यात रेवती भेटली. सातवा महिना लागलाय तिला. भाजीचा वास आला आणि तिथंच थबकली ना पोरगी! आता अशा बाईला नाही कसं म्हणायचं? देऊन टाकला." मग आमचे चेहरे बघून त्या म्हणाल्या, "अहो, एवढं काय? असे चार आहेत माझ्याकडे. एक घेऊन जा."

मी किंमत सांगितली.

नंदामावशी हळूच खुर्चीवर बसल्या. "एक लाख? सोन्याचा मुलामा आहे काय आतनं?"

"नाही, मावशी. त्यात मार्तंड सबनीस जेवायचे."

"मग आम्ही तरी त्यात जेवणच ठेवलं ना! काय पाप केलं?" असं म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चला, मी पण येते."

आता आम्ही तिघी चौथ्या मजल्यावर. रेवतीने दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की डबा असेल पण भाजी नसेल हे मी ताडलं. माझा अंदाज निम्मा चुकला. दोन्ही नव्हतं.

"काकू, काय भाजी होती! डब्यातूनच खाल्ली मी, ताटात घ्यायलासुद्धा थांबले नाही!"

"आणि डबा?"

"तुमचाच आहे म्हणाल्या ना मावशी? परत पाठवला की! रिकामा नाही हं, शंकरपाळ्या घातल्यात. आईनं माहेरून पाठवलेल्या."

"धुतलास?" मी विचारलं.

रेवती लाजली. "खरं सांगू? वाकवत नाही गं हल्ली. पुसला, तळाला कागदी रुमाल घातला आणि वर शंकरपाळ्या भरल्या."

"आणि दिलास कोणाकडे?"

"नवऱ्याकडेच. सिद्धेश सलूनला चालला होता. खिडकीतून बघून म्हणाला, काका तिथंच दिसतायत. म्हटलं, दे त्यांच्याच हातात!"

 आई जिना उतरताना प्रत्येक वळणावर थांबून माझ्याकडे बघत होती. शेवटच्या वळणावर नंदामावशींनी तिचा हात धरला. "ताई, घाबरू नका. जीव तर नाही घेणार? फार तर काय, बोलतील."

घरी पोचलो. बाबा सोफ्यावर बसले होते. केस काळेभोर, कानांच्या पाळ्याही काळ्याभोर. मांडीवर डबा. तोंडात शंकरपाळी.

मी डोळे मिटले.

"काय गं, कुठं फिरता सगळ्या?" बाबा म्हणाले. "रेवतीनं शंकरपाळ्या पाठवल्यात. फर्स्ट क्लास! खुसखुशीत! फक्त डबा बघ गं कसला दळभद्री. जागोजागी पोचे. भंगारवालासुद्धा घेणार नाही. तिला म्हणावं, एखादा बरा डबा वापर."

 नंदामावशींनी पदर तोंडाशी धरला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

"द्या इकडे," आई म्हणाली. "परत करायचाय."

"थांब, एक घेतो."

त्यांनी चार घेतल्या. उरलेल्या आईने ताटलीत ओतल्या. मी डबा स्वयंपाकघरात नेला आणि कागद काढला. तळाला पिवळा डाग होता! रुपयाच्या नाण्याएवढा, जवळजवळ मूळ जागीच! आता हा पुसायचा की ठेवायचा? पुसला तर प्रमाणपत्र खोटं. ठेवला तर मी खोटी. मी आईकडे बघितलं. आईने ओट्याच्या तड्याकडे बघितलं.

"झाकण लाव," ती म्हणाली. मी लावलं आणि बाबांची पाठ वळताच डबा पेटीत, रुमालाखाली ठेवला.

नंदकिशोर पाचला दोन मिनिटं कमी असतानाच आले. पांढरे हातमोजे, गळ्यात भिंग, चेहऱ्यावर देवदर्शनाला आल्याचा भाव. चहासुद्धा नको म्हणाले. बाबांनी रुमाल असा दूर केला, जणू पुतळ्याचं अनावरण! नंदामावशी 'कोथिंबीर आहे का' विचारायला आल्या होत्या आणि मिळाल्यावरही गेल्या नव्हत्या.

नंदकिशोरांनी डबा हातात घेतला. पोच्यांवरून बोट फिरवलं. "शूटिंगच्या धामधुमीतले पोचे! काय सौंदर्य आहे!"

"मी रोज बघत बसतो," बाबा म्हणाले.

झाकण उघडलं. भिंग आत गेलं.

"डाग! हाच तो डाग!" त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. "पण हा किंचित ओलसर दिसतो?"

"मुंबईची दमट हवा," बाबा तत्परतेने म्हणाले.

"आणि वास! लसणीचा वास अजून आहे! चाळीस वर्षांनंतर! विद्याधरराव, हे स्टील नाही, ही स्मृती आहे!" मग कडेच्या खाचेतून त्यांनी चिमट्याने काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं. "मोहरी!"

मी आणि आईने एकाच वेळी नंदामावशींकडे पाहिलं. मावशींनी कोथिंबिरीकडे.

"दीड नाही," नंदकिशोर म्हणाले, "मी एक साठ देतो. आत्ता, मोबाईलवरून. या मोहरीसकट."

बाबा विजयी मुद्रेने आईकडे वळले. आईच्या डोळ्यांत मला अख्खा ओटा दिसत होता, काळाभोर, अखंड, कडेला गोलाई असलेला. ती काही बोलणार नव्हती. मीही नाही. कोणाचं काय जाणार होतं? डबा तर खराच होता!

नंदकिशोरांनी मोबाईल काढला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे! मोहरीचा दाणा त्यांनी तळहातावर घेतला, कपाळाला लावला, डोळे मिटले आणि पुटपुटले, "थोडा तरी प्रसाद." हात तोंडाकडे निघाला.

"अहो, थांबा!" आई किंचाळली. "उष्टी आहे ती!"

"त्यांचीच उष्टी! म्हणूनच तर!"

"त्यांची नाही हो, रेवतीची! चौथ्या मजल्यावरची! आणि भाजी नंदाची आहे, आज सकाळची! परक्या माणसाला आमच्या घरात मी उष्टं खाऊ देणार नाही, ओटा गेला खड्ड्यात!"

मग सगळं बाहेर आलं. वड्या, भाजी, शंकरपाळ्या, सोड्याचं पाणी. शंकरपाळ्यांचा उल्लेख आला तेव्हा बाबा हळूहळू सोफ्यावर बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या काळ्या नसत्या तर लाल झालेल्या दिसल्या असत्या.

"म्हणजे डबा धुतला?" नंदकिशोरांनी विचारलं.

"वड्या काढल्यावर मीसुद्धा एकदा घासला," नंदामावशी म्हणाल्या. "चांगला, राखेच्या पावडरीनं."

"मग यात मार्तंडजींचं उरलं काय?"

 शेवटी बाबाच म्हणाले, "स्टील."

नंदकिशोरांनी मोबाईल खिशात ठेवला, मग हातमोजे काढले. "तसे माझ्या घरी पाच आहेत," ते म्हणाले. मग नंदामावशींकडे वळून म्हणाले, "ती भाजी उरली आहे का हो, ताई?"

उरली होती. त्यांनी पोळीबरोबर खाल्ली, दोनदा घेतली आणि व्यवहार न करता गेले.

बाबांनी मला विचारलं, "स्वरदा, तू नक्की काय केलंस?"

"डाग खरा होता हे सिद्ध केलं, बाबा."

"मग तो गेला कुठं?"

"सिद्ध करण्यात."

 मग बाबा स्वतः उठले, डबा घेतला आणि आईपुढे धरला. आईने तो घेतला, घासला, पुसला. पारदर्शक पेटीत आता कांदे-बटाटे असतात.

पुढच्या शनिवारी आईने त्या डब्यात तूरडाळ भरायला घेतली आणि मला विचारलं, किती मावेल? मी काटा आणला. काठोकाठ भरून, वरून सपाट करून वजन केलं, दोनदा.

नऊशे चाळीस ग्रॅम.