चार नंबरचा ससा, सात नंबरचा वाघ

आमच्या शेजारचे ग्रेडरकाका कोणालाही भेटले की आधी त्याच्या शर्टाला हात लावतात. नमस्कार नंतर. कॉलर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची, डोळे मिटायचे, कापड जरा चोळायचं आणि निकाल द्यायचा. "पॉलिस्टर." हा शब्द ते असा उच्चारतात की समोरच्याला आपण चोरी करताना सापडलो असं वाटावं. बायकांच्या बाबतीत मात्र सभ्यता पाळतात. दोन हात लांब उभं राहून विचारतात, "मॅडम, प्युअर आहे का?" मी शाळेत शिकवते, दिवसभर दुसऱ्यांना प्रश्न विचारते, पण या एका प्रश्नाला मी आजवर खरं उत्तर दिलेलं नाही.

त्यांचं नाव महादेवराव, पण ते फक्त विजेच्या बिलावर. चाळीस वर्षं त्यांनी दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकीचं बी वेगळं करणाऱ्या कारखान्यात, कापसाची ग्रेड ठरवली. गाडी आली की ढिगात हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी सांगायची. रिटायर झाल्यावर कापूस थांबला, ग्रेड देणं थांबलं नाही. आता ते माणसांना ग्रेड देतात. आमच्या मुख्याध्यापकांबद्दल म्हणाले, "धागा लांब आहे, पण पत्ती लय." पत्ती म्हणजे कापसातला पाचोळा. मी चार दिवस स्टाफरूममध्ये हसत होते. मग एकदा आमच्या ह्यांच्या डोक्याकडे बघून म्हणाले, "फरदड." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडाला उरलासुरला येतो तो कापूस. हे तेव्हापासून टोपी घालतात. माझी पाळी आली तेव्हा माझ्या सासूबाईंसमोर मोठ्या प्रेमाने म्हणाले, "मॅडम म्हणजे एक नंबर माल आहे." सासूबाईंना चहाचा असा ठसका लागला की मला त्यांची पाठ चोळावी लागली. काका मात्र त्यांच्या लुगड्याचा काठ निरखत बसले होते.

तर हा माणूस, वय अडुसष्ट, बायको नाही, मूलबाळ नाही, घरात एकटा. आणि त्याच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या शोकेसमध्ये नऊ कापडी खेळणी. टीव्ही बिचारा कोपऱ्यात स्टुलावर. प्रत्येक खेळण्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल, कापसाच्या गाठीला लावतात तसं: लॉट नंबर एक, हत्ती. लॉट नंबर दोन, अस्वल. लॉट नंबर तीन, हरीण.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिली, कारण नऊच्या नऊ खेळणी सारखीच होती. चार पाय, दोन कान, एक शेपूट. हत्तीला सोंड नाही, हरणाला शिंगं नाहीत. मी भीतभीत म्हटलं, "काका, सगळे एकाच जातीचे दिसतात."

"दिसन ना," काका म्हणाले. "कापाले एकच साचा होता. जुन्या झंपराची बाही. पण आतला माल पाहा." त्यांनी मला हात धुऊन, पुसून, वाळवून यायला लावलं आणि मग हत्तीचं पोट दाबू दिलं. नंतर अस्वलाचं. खरंच, एक मऊ लुसलुशीत होतं आणि दुसऱ्याच्या पोटात सरकीचे खडे लागत होते. "समजलं? हत्ती अन अस्वल यात फरक असते मॅडम!"

चार नंबरचा ससा वरच्या खणात आणि सात नंबरचा वाघ एकदम खाली, दुसऱ्या टोकाला. बाकी सगळे नंबराने, हे दोघंच नंबर सोडून. कारण विचारलं तर म्हणाले, "सेफ्टी."

आमच्या मुलीच्या वाढदिवसाला कोणीतरी मोठा गुलाबी टेडी दिला होता. काकांनी तो दाबला आणि त्यांचा चेहरा पडला. खिशातून ब्लेड काढलं. आम्ही 'अहो, अहो' म्हणेपर्यंत टेडीचं पोट फाडून आतला चकचकीत फायबर बाहेर. "पाहा! याच्यात जीवच नाही. लेकरू याले छातीशी धरन तं काय होईन?" मुलीने भोकाड पसरलं. आठ दिवसांनी टेडी परत आला, शुद्ध कापूस ठासून भरलेला. इतका जड की मुलीला उचलता येईना. आता आम्ही तो दाराला अडकण म्हणून लावतो आणि काका येणार असले की पलंगावर ठेवतो.

एप्रिल लागला की काकांच्या घरी ऑपरेशन सुरू होतं. हा शब्द त्यांचाच. एकेका प्राण्याची शिवण उसवायची, आतला कापूस काढायचा, वरचं कापड रिठ्याच्या पाण्यात धुवायचं आणि कापसाला नुसतं ऊन द्यायचं. आमची आणि त्यांची गच्ची एकच. तिथे ओळीने नऊ ताटं, प्रत्येक ताटात एकाच्या पोटातला कापूस, वर पिठाची चाळणी उपडी घातलेली. दोरीवर नऊ रिकामी कातडी लटकलेली. नव्या भाडेकरूंना आम्ही हे दृश्य आधी समजावून सांगतो. ताटांजवळून जाताना शिंकायची परवानगी नाही. काकांचं एक वाक्य आमच्या आळीत सगळ्यांना पाठ आहे: "लॉट मिसळला की माल गेला."

यंदाही नऊ ताटं मांडली. नऊ चाळण्यांपैकी दोन माझ्या होत्या आणि त्या दिवशी मला पीठ चाळायचं होतं. मी दोन्ही चाळण्या उचलून नेल्या, त्या ताटांवर ओढणी टाकली. गच्चीच्या दुसऱ्या बाजूला जुन्या साडीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. तेवढ्यात काकांना खाली फोन आला. "मॅडम, दहा मिनिटं लक्ष ठेवा," म्हणून ते उतरले आणि वावटळ आली.

आता मी खरं सांगते. माझ्या एका बाजूला कापूस होता आणि एका बाजूला कुरडया. मी कुरडयांकडे धावले. विचार केलाच नाही. गव्हाचा चीक काढायला तीन दिवस लागतात, हे ज्या बाईने केलंय तिला सांगायला नको. साडीची चारी टोकं धरून मी त्यांच्यावर जवळजवळ आडवी झाले. वावटळ गेली. उठून पाहते तर ओढणी शेजारच्या निंबावर आणि दोन ताटांतला कापूस कठड्याच्या कोपऱ्यात एकाच गोळ्यात गोल फिरतोय. चार नंबर आणि सात नंबर.

मी तो गोळा उचलला, अंदाजाने अर्धा अर्धा केला, दोन ताटांत ठेवला आणि घरातून चाळण्या परत आणून वर घातल्या. एवढ्या वर्षांत वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना मी काय काय बोललेय, ते सगळं त्या क्षणी आठवलं.

काका आले. चार नंबरच्या ताटातून चिमूट उचलली, दोन अंगठ्यांत ओढली. मग सातमधून.

"हवा सुटली होती का?"

"थोडीशी," मी म्हटलं.

त्यांनी ती दोन ताटं उचलून खाली नेली. पुढचे तीन दिवस त्यांनी कोणाच्याच शर्टाला हात लावला नाही. दूधवाला दारात कॉलर पुढे करून उभा राहिला तरी नाही. आळीतले लोक विचारू लागले, काका आजारी आहेत का? चौथ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. काका खिडकीशी बसले होते, चष्म्यावर भिंग धरून. पुढ्यात दोन ताटं. ते कापसाचा एकेक पुंजका निवडत होते. तीन दिवसांत दोन्हीकडे मुठीएवढा कापूस वेगळा झाला होता.

"काका, ते चार आणि सात..."

"मले माहीत आहे. हातात घेतलं तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" ते वर न बघता म्हणाले. "तुमच्या कुरडया होत्या."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी समोर बसून निवडायला लागले. दहा मिनिटांनी त्यांनी माझा ढीग पाहिला आणि हलकेच बाजूला सारला. "मॅडम, तुमी शाळाच शिकवा."

मग निवडता निवडता त्यांनी सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि थोरली बहीण तेरा. बहिणीला ते 'बाई' म्हणतात. बाई कापूस वेचायला जायची आणि हे दारात बसून रडायचे. मग तिने वेचताना कमरेला बांधायच्या ओटीच्या शिवणीत अडकलेला कापूस, मालकिणीला दाखवून, घरी आणायला सुरुवात केली. सरकी हाताने काढून पहिला हत्ती केला. तो यांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मी येईपर्यंत याले रडू देऊ नको." दर हंगामाला एक. नऊ हंगाम झाले आणि बाईचं लग्न होऊन ती मुकुटबनला गेली.

"अन दोन वर्षांपासून बाईले दिसत नाही मॅडम. ऑपरेशन झालं, उपयोग नाही झाला. पण अक्षय तृतीयेले येते अन या नऊ जणांची पोटं दाबते. कोणता ससा, कोणता हत्ती, बरोबर सांगते. कोणत्या वर्षी पाऊस कसा होता, मी काय केलतं, सारं सांगते." भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "दुनियेत मले लहान म्हननारं तेवढंच एक माणूस राह्यलं. या वर्षी तिले ओळखू नाही आलं तं तिले वाटन, हातातलंही गेलं."

दोघांनी मिळून उरलेला कापूस तसाच भरला. शिवण काकांनी घातली.

अक्षय तृतीयेला बाईंचा मुलगा त्यांना काकांकडे पोचवून गेला. इवलीशी म्हातारी, नाकात मोठी चमकी. आल्या आल्या त्यांनी भावाची कॉलर शोधून चिमटीत धरली, चोळली आणि म्हणाल्या, "सुती आहे. बरं." काकांची ती सवय कुठून आली, ते मला तेव्हा कळलं.

जेवणं झाली आणि बाईंनी मांडी घातली. "आन रे तुहे जनावरं. नंबरानं नको देऊ, उलटेसुलटे दे." काका एकेक देऊ लागले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. "हा हत्ती. त्या साली झाडं कमरेएवढी होती. हे अस्वल, घाईत होती मी, सरकी राहून गेली." सात बरोबर झाले. मग ससा हातात आला.

त्यांनी दाबला. पुन्हा दाबला. कानाशी नेला. "दुसरा दे." वाघ घेतला, दाबला. दोन्ही मांडीवर ठेवून त्यांनी आपलीच बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"महादू," त्या म्हणाल्या, "माह्या हातालेच काही झालं का रे?"

"नाही हो, बाई!" मी तांब्यासकट पुढे आले. "हाताला काही नाही झालं. मी मिसळलं ते. वावटळ आली आणि मी कापूस सोडून कुरडया वाचवल्या."

बाईंनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. "वाचल्या का?"

"काय?"

"कुरडया."

"वाचल्या."

"मंग तळून आन ना पोरी. उभी काहून आहेस?"

मी तळून आणल्या तेव्हा दोघं भाऊबहीण हसून हसून लाल झाले होते. बाई सांगत होत्या, "याले लय भेव, की वाघ सश्याले खाऊन टाकन. झोपाच्या आधी दोघाले दोन कोपऱ्यात ठेवे." त्यांनी दोन्ही खेळणी एकमेकांवर आपटली. "आता याच्या पोटात थो अन त्याच्या पोटात हा. घ्या! कोन कोनाले खाईन?"

काकांनी डोळे पुसले. लॉट मिसळला की माल गेला, असं ते त्या दिवशी एकदाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी मी पाहिलं तर ससा आणि वाघ शोकेसच्या मधल्या खणात शेजारी शेजारी बसलेले.

चार दिवसांनी बाई निघाल्या. त्यांना न्यायला मुलगा आला होता. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. ससा आणि वाघ दोन्ही बाईंच्या हातात होते, घरून निघताना त्यांनी सोडलेच नाहीत. एसटीत बसल्यावर त्यांनी ससा पिशवीत घातला. ज्या शोकेसमधून आजवर काही बाहेर गेलं नव्हतं, तिचा मालक नुसता बघत राहिला. "हा माह्याजवळ राहू दे. अर्धा तुह्याजवळ हायेच." मग खिडकीतून वाघ त्यांनी भावाच्या छातीशी टेकवला. "मी येईपर्यंत याले रडू देऊ नको."

एसटी वळून दिसेनाशी झाली तरी काका तिथेच, वाघ काखेत घेऊन. लोक बघत होते. मी त्यांना ऑटोत बसवलं. अर्ध्या रस्त्यात मी त्यांच्याच भाषेत विचारलं, "काका, रडून राह्यला का तो?"

त्यांनी वाघ मांडीवर घेतला. डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, नीट, वेळ घेऊन.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "हा नाही रडून राह्यला."